सायबर पोलिसांना परदेशात ट्रेनिंग: आपल्या शिरोली एमआयडीसीला त्याचा काय उपयोग?

शिरोलीचा_हिशेबनीस (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिला धागा काढतोय, सांभाळून घ्या.

परवा कंपनीबाहेरच्या टपरीवर विषय निघाला, की पोलिसांना सायबरचं ट्रेनिंग द्यायला परदेशात पाठवतात, परिषदा होतात, करार होतात, त्यातून निघतं काय? आमचा फोरमन म्हणाला, "चोर तिकडं बसलाय, आणि आपलं साहेब तिकडं जाऊन वर्गात बसणार. त्या वर्गात चोर गावला तर बरं हाय." सगळे हसले. मी पण हसलो, पण घरी येईपर्यंत डोक्यातून गेलं नाही, कारण २०२३ च्या पावसाळ्यात आमच्यावर बेतलं होतं.

आमची फाउंड्री शिरोलीत. पंपाची हाउसिंग ओततो, मशिनिंग करून इटलीला पाठवतो. ब्रेशियाजवळचं जुनं गिऱ्हाईक, बारा वर्षांचा व्यवहार. कंटेनर न्हावा शेव्याहून सुटला, कागद स्कॅन करून पाठवले, ४१,६०० युरो यायचे होते. मंगळवारी त्यांच्या अकाउंट्सच्या बाईंचा मेल आला: "शुक्रवारी पेमेंट केलंय, तुमच्या नव्या खात्यावर." नवं खातं? स्लिप उघडली तर पोर्तुगालमधली बँक. वर नाव मात्र आमच्याच कंपनीचं.

मागचे मेल चाळले. खात्याचा बदल कळवणारा मेल आमच्या साहेबांच्या नावाने गेला होता. तळाला सही तीच, लोगो तोच, जीएसटी नंबरसुद्धा तोच. पत्ता चष्मा लावून तीनदा वाचला तेव्हा कळलं. आमच्या नावात इंग्रजी एम आहे, तिथे आर आणि एन शेजारीशेजारी होते. मोबाईलवर दोन्ही सारखेच दिसतात. साहेबांच्या मेलबॉक्समध्ये कुणीतरी एक रूल लावून ठेवला होता: 'इन्व्हॉइस' हा शब्द आला की मेलची एक प्रत बाहेरच्या पत्त्यावर. किती महिने चालू होतं देव जाणे. पासवर्ड होता कंपनीचं नाव आणि पुढे १२३. २०११ पासून.

एका ठाण्यात गेलो. तिथल्या भल्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पैसे इटलीच्या पार्टीचे गेले, बँक पोर्तुगालची, मेल कुठून आला माहीत नाही. मग कोल्हापुरात गुन्हा काय घडला?" मला उत्तर देता येईना. खरं सांगायचं तर त्यांचा राग आला नाही. प्रश्न बरोबरच वाटला.

तर जाणकारांनी सांगावं. असल्या गुन्ह्यात परदेशाशी सहकार्य, ट्रेनिंग वगैरेचा नक्की उपयोग होतो कुठे? आमच्या पैशांचं काय झालं ते नंतर सांगतो.

रंकाळ्याचा_वारा

पहिला नंबर माझा.

भावा, नंतर सांगतो म्हणून सस्पेन्स ठेवायला हे काय सिरियल हाय व्हय? पैसं मिळालं का न्हाई तेवढं सांग आधी.

बँकेतला_बाळू

एक गोष्ट आधी सांगून टाकतो, कारण निर्यात करणारे बरेच जण इथे वाचत असतील. भारतात आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय पद्धतीचा खाते क्रमांक, नसतो. युरोपातल्या खात्याला असतो, त्याची पहिली दोन अक्षरं देशाची. आपल्याकडे खाते क्रमांक आणि बँकेचा स्विफ्ट कोड, बस्स. त्यामुळे कोल्हापूरच्या पुरवठादाराने आयबॅन कळवला म्हणजे तिथेच घंटा वाजली पाहिजे. आपल्या प्रत्येक प्रोफॉर्मावर ठळक छापून टाका: आमचं खातं फक्त भारतात आहे, त्याला आयबॅन नाही. फुकटचा उपाय.

दुसरं, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनबद्दल. ती सोय मुळात देशातल्या खात्यांसाठी उभी केलेली आहे. फोन आला की तक्रार त्या त्या बँकेच्या पटलावर पडते, पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात गेले असतील तर माग काढत जिथे सापडतील तिथे रोखून धरतात. पहिल्या तासाभरात फोन केला तर खूप फरक पडतो, हे मी काउंटरवरून पाहिलंय. पण युरो इटलीतून पोर्तुगालला गेले, त्यात भारतीय बँक कुठेच नाही. तिथे दोरी पैसे पाठवणाऱ्याच्या बँकेच्या हातात असते. ब्रेशियाच्या बाईंनी त्याच मिनिटाला आपल्या बँकेला रिकॉल (पैसे परत बोलावण्याची विनंती) टाकायला लावलं का, सगळं त्यावर.

आणि शिपिंग बिल? पैसे आले नाहीत म्हणजे ते इडीपीएमएसमध्ये, म्हणजे निर्यातीचे पैसे आले का ते बघणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या यंत्रणेत, उघडं राहिलं असणार. तेव्हा पैसे आणायला नऊ महिन्यांची मुदत होती.

शिरोलीचा_हिशेबनीस

बाळूभाऊ, नऊ महिने झोप नव्हती. मुदत वाढवून घ्यायला बँकेत किती चपला झिजवल्या विचारू नका. कोल्हापुरी होत्या म्हणून टिकल्या.

शंकासुर

फोरमनशी सहमत. ट्रेनिंग म्हणजे सहल. आठवडाभर पंचतारांकित जेवण, शेवटच्या दिवशी ग्रुप फोटो, परत आलं की बदली ट्रॅफिकला. पुढचा प्रश्न विचारायला गेलात तर "साहेब नवीन आहेत".

जुनाखाकी

शंकासुर, बदलीबद्दल तुम्ही बोललात ते लागलं, कारण खरं आहे. निवृत्त झालोय, सायबरला तीन वर्षं होतो, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो. दोन महिने शिकवून तयार केलेला पोरगा गणपतीच्या बंदोबस्ताला गेला तो परत आलाच नाही, हे मी भोगलंय. पण ट्रेनिंगच निरुपयोगी म्हणाल तर मान्य नाही. का ते एका उदाहरणाने सांगतो. उदाहरण माझ्याच चुकीचं आहे.

एका प्रकरणात परदेशी कंपनीकडून आम्हाला लॉगिनची नोंद मिळाली. आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा नंबर) आणि वेळ, १८:१२. आम्ही लिहून घेतलं संध्याकाळी सहा बारा. इंटरनेट कंपनीला विचारलं, त्या वेळी हा आयपी कुणाकडे होता. नाव आलं. गेलो त्या दारात. निवृत्त शिक्षक, घरात नात अभ्यास करतेय. माणूस थरथर कापत होता. दोन तास बसलो तेव्हा माझ्या लक्षात आलं, नोंदीच्या शेवटी बारीक अक्षरात यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, लिहिलेलं होतं. म्हणजे आपल्याकडचे रात्रीचे पावणेबारा, अकरा बेचाळीस. साडेपाच तासांनी चुकीच्या माणसाच्या घरात घुसलो होतो. मास्तरांची माफी मागितली. चहा पाजला त्यांनी, वर.

हे मी कुठल्याही पोलीस शाळेत शिकलो नव्हतो. पुढे एका प्रशिक्षणात परदेशी शिक्षकाने पहिल्याच तासाला फळ्यावर तीन शब्द लिहिले: वेळ, टाइम झोन, पोर्ट. पोर्ट अशासाठी, की मोबाईल कंपन्या एकच आयपी एकाच वेळी शेकडो ग्राहकांना वाटून देतात. नुसता आयपी विचारलात तर उत्तर येतं, "यातला कोणता?" सोर्स पोर्टचा नंबर सोबत असेल तरच एक माणूस निघतो. परदेशी कंपनीकडे मागणी करतानाच पोर्ट मागितला नाही तर दोन महिन्यांनी मागून उपयोग नाही, नोंद पुसली गेलेली असते.

दुसरा धडा: आधी जपायला सांगा, मग मागा. पुरावा हातात यायला कायदेशीर कागद लागतात, वेळ जातो. पण "हा डेटा पुसू नका" एवढं सांगायला एक पानाची विनंती पुरते, आणि ती त्याच दिवशी जाऊ शकते. आमच्याकडे उलटं चालायचं. सगळी फाइल तयार करायची, सह्या घ्यायच्या, आणि मग पाठवायची. तोवर तिकडे खाऊन मोकळे.

तिसरी गोष्ट कुठल्याच पुस्तकात नाही. त्या वर्गात माझ्या शेजारी श्रीलंकेचा एक अधिकारी होता. नंतर एका कामात त्यांच्याकडून माहिती हवी होती. रीतसर पत्र सीबीआयमार्फत इंटरपोलच्या वाटेने गेलंच, पण मी त्याला मेलही टाकला, की बाबा पत्र येतंय, कुणाच्या टेबलवर पडेल बघ. आठवड्यात उत्तर. याला तुम्ही सहल म्हणा.

रंकाळ्याचा_वारा

साहेब, मास्तरांचा चहा वाचून गलबललं.

ब्रेमेनकर

राजारामपुरी सातव्या गल्लीतून ब्रेमेनला, अकरा वर्षं झाली. आयटी सुरक्षेतच काम करतो.

जुनाखाकी साहेबांच्या शेजारच्या खुर्चीला युरोपात संस्थेचंच रूप दिलंय. हेगला युरोपोलचं, म्हणजे युरोपीय संघाच्या पोलीस संस्थेचं, सायबर केंद्र २०१३ पासून आहे, आणि २०१४ पासून तिथे एक संयुक्त पथक बसतं. वेगवेगळ्या देशांचे अधिकारी, अमेरिकेचेसुद्धा, एकाच ऑफिसात. पत्र पाठवायचं म्हणजे खुर्ची वळवायची. जानेवारी २०२१ मध्ये इमोटेट नावाचं व्हायरस पसरवणारं जाळं पाडलं ते असंच, आठ देशांनी मिळून. जर्मन पोलिसांनी सर्व्हर धरले, युक्रेनच्या पोलिसांनी घरावर छापा घातला, डच लोकांनी मुख्य यंत्रणा ताब्यात घेतली. एकाच आठवड्यात. एका देशाने एक दिवस आधी हात घातला असता तर बाकीचे पाखरू उडालेलं बघत बसले असते.

हिशेबनीस, तुमच्या प्रकरणातली खाच सांगतो. सेपा व्यवस्थेत (युरोपात खात्यातून खात्यात युरो पाठवायची पद्धत) युरो पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत जमा होतो, आणि तेव्हा बहुतेक ठिकाणी बँक फक्त आयबॅन बघायची, नाव जुळतं का ते नाही. म्हणूनच स्लिपवर तुमच्या कंपनीचं नाव असूनही पैसे तिऱ्हाइताच्या खात्यात गेले. ९ ऑक्टोबर २०२५ पासून युरो वापरणाऱ्या देशांतल्या बँकांना पैसे पाठवण्याआधी नाव आणि आयबॅन जुळवून दाखवणं बंधनकारक झालंय. आज तोच प्रकार झाला तर बाईंच्या स्क्रीनवर "नाव जुळत नाही" असं यायला हवं. त्यावर कुणी 'तरीही पुढे जा' दाबलं तर कपाळ.

जुनाखाकी

शुक्रवारी पेमेंट, मंगळवारी उलगडा, हे वाचून मला सिंगापूर आठवलं. जुलै २०२४. तिथल्या एका व्यापारी कंपनीला पुरवठादाराच्या नावाने मेल आला, पत्त्यात एवढासा फरक, खातं पूर्व तिमोरमधलं. १९ जुलैला ४.२३ कोटी डॉलर गेले. खरा पुरवठादार "पैसे कुठायत" म्हणाला तेव्हा २३ जुलैला डोळे उघडले. योगायोग बघा, १९ जुलै शुक्रवार होता आणि २३ मंगळवार. चोरांनाही शनिवार-रविवारची किंमत कळते.

तक्रार त्याच दिवशी घेतली गेली. सिंगापूर पोलिसांनी इंटरपोलची आय-ग्रिप नावाची यंत्रणा वापरली. २०२२ मध्ये सुरू झाली, काम एकच: एका देशाच्या पोलिसांनी दुसऱ्या देशाच्या पोलिसांना ताबडतोब सांगायचं, अमुक खातं धरा. २५ जुलैला पूर्व तिमोरमध्ये ३.९ कोटी डॉलर अडवले गेले. पुढे अटका झाल्या, आणखी वीस लाखांवर रक्कम सापडली.

हिशेबनीस, ठाण्यात तुम्हाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आता देतो. गुन्हा कोल्हापुरात घडला होता. तुमच्या साहेबांच्या मेलबॉक्समध्ये शिरले, तो संगणक इथला. पुरावा तुमच्याकडे होता: तो रूल, लॉगिनच्या नोंदी, खोटा मेल हेडरसकट. पैसे इटलीचे बुडाले म्हणून तक्रार इटलीतही हवी, पण इथलीही हवी. समोरच्या माणसाला हे ठाऊक असतं तर त्याने तुम्हाला पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं असतं, की बाईंना फोन करा आणि त्यांना तिकडच्या पोलीस ठाण्यात पाठवा. ट्रेनिंग त्याला हवं, परिषदेत भाषण करणाऱ्याला नव्हे. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे केंद्राचं, म्हणजे आयफोरसीचं, सायट्रेन नावाचं ऑनलाइन शिक्षण शिपायापासून सगळ्यांसाठी आहे. पण बंदोबस्त, पंचनामे, समन्स यातून ते करायला वेळ कुणी द्यायचा, हा खरा प्रश्न.

शंकासुर

बरं, सहल मागे घेतो. अर्धी.

पण मला हे सांगा, एवढं सगळं असताना भारत सायबर गुन्ह्यांवरच्या बुडापेस्टच्या करारात का नाही? जगातले निम्मे देश त्यात घुसलेत म्हणतात.

कोर्टगल्ली

निम्मे नाहीत, पण कमीही नाहीत. मी वकिली करते, सायबरच्या केसेस येतात, म्हणून थोडं लिहिते. कंटाळा आला तर पुढे सरका.

बुडापेस्ट करार युरोप परिषदेचा. २३ नोव्हेंबर २००१ ला सह्यांसाठी खुला झाला, १ जुलै २००४ पासून लागू. त्यात कलम ३५ आहे: प्रत्येक देशाने चोवीस तास, सातही दिवस उत्तर देणारा एक संपर्क ठेवायचा. पुरावा जपून ठेवायची सोय त्यातलीच. भारताचं म्हणणं असं, की करार घडवताना आम्ही टेबलावर नव्हतो, आणि कलम ३२ मध्ये दुसऱ्या देशातल्या डेटापर्यंत त्या सरकारला न विचारता पोचायची जी वाट ठेवलीय ती आम्हाला मान्य नाही. आक्षेप पोकळ नाही. पण मग पर्यायी वाटा तरी रुंद हव्यात. जी-७ देशांचं एक चोवीस तासांचं जाळं आहे, त्यात आपल्याकडून सीबीआय आहे. जानेवारी २०२५ पासून राज्यांच्या पोलिसांना इंटरपोलच्या कामासाठी सीबीआयशी जोडणारं भारतपोलही आलंय. हे तातडीचं झालं. न्यायालयात टिकणारा पुरावा आणायचा तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ११२ खाली न्यायालयाकडून विनंतीपत्र, नाहीतर परस्पर कायदेशीर साहाय्याच्या करारातून गृह मंत्रालयामार्फत.

आता हे कागद कसे जातात ते बघा. आपला पंचनामा मराठीत. "सदर इसमाने समक्ष हजर राहून" वगैरे. त्याचं इंग्रजी. त्याचं इटालियन. तिकडचा सरकारी वकील ते वाचून पहिला प्रश्न विचारतो: हा आमच्या कायद्यातही गुन्हा आहे का, आणि तुम्ही मागता त्या पुराव्याचा याच्याशी संबंध काय? आपल्या कागदात संबंधच लिहिलेला नसतो. "तपासकामी आवश्यक" एवढंच असतं. मग पत्र परत. सहा महिने गेले. ट्रेनिंगचा सगळ्यात कोरडा, कंटाळवाणा आणि सगळ्यात उपयोगी भाग माझ्या मते हाच, विनंती लिहायची कशी. युरोप परिषदेचं बुखारेस्टमध्ये यासाठी एक कार्यालयच आहे, २०१४ पासून, आणि तिथून चालणाऱ्या कार्यक्रमांत पोलिसांइतकंच न्यायाधीशांना आणि सरकारी वकिलांनाही शिकवतात. आपल्याकडे ट्रेनिंग म्हटलं की फक्त खाकीच आठवते.

संयुक्त राष्ट्रांचा सायबर गुन्ह्यांवरचा नवा करार २४ डिसेंबर २०२४ ला आमसभेने स्वीकारला, ऑक्टोबर २०२५ मध्ये हनोईत सह्यांचा समारंभ झाला. ४० देशांनी मंजुरी दिल्यावर लागू होईल. त्यात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीची मदत 'गंभीर गुन्ह्यां'नाही मिळायची आहे, आणि गंभीर म्हणजे कमाल शिक्षा चार वर्षं किंवा जास्त. मानवाधिकारवाल्यांचा आक्षेप नेमका इथेच आहे. एखाद्या देशाने सरकारवर टीका करण्याला पाच वर्षं ठेवली तर तोही 'गंभीर' होणार आणि त्यासाठीही डेटा मागणार. मलाही ही भीती रास्त वाटते. ट्रेनिंग घेतलेला पोलीस 'कसा मागायचा' हे शिकतो तसं 'कधी नाकारायचा' हेही शिकला पाहिजे.

जाता जाता इथल्या तपास अधिकाऱ्यांसाठी: आयटी कायद्याच्या ६६ड ला (संगणक वापरून तोतयेगिरीने फसवणूक) कमाल तीन वर्षं आहेत, म्हणजे त्या चारच्या खाली. न्याय संहितेचं फसवणुकीचं ३१८(४) सोबत लागू होत असेल तर ते पहिल्या दिवशीच एफआयआरमध्ये येऊ दे, तिथे सात वर्षं आहेत. नंतर वाढवायला जाल तर परदेशात गेलेलं पत्र पुन्हा लिहावं लागतं.

अवांतर: हायकोर्टाचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच आहे, त्यामुळे निदान जामिनासाठी पक्षकाराला मुंबईची रात्रीची गाडी पकडावी लागत नाही.

रंकाळ्याचा_वारा

ताई, सगळं वाचलं. निम्मं कळलं. 'सदर इसम' इटलीत पोचला ह्याचाच अभिमान वाटला.

बँकेतला_बाळू

कोल्हापूर आणि आंतरराष्ट्रीय सायबर गुन्हा म्हटल्यावर कॉसमॉस बँकेचं प्रकरण कुणी काढलं नाही? ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. पुण्यात बँकेच्या यंत्रणेत शिरून बनावट कार्डांना "हो, पैसे द्या" सांगणारं सॉफ्टवेअर बसवलं, आणि २८ देशांतल्या एटीएममधून काही तासांत पैसे काढले. १३ तारखेला स्विफ्टने हाँगकाँगला १३ कोटी ९२ लाख. सगळे मिळून ९४ कोटी ४२ लाख. आणि देशात जिथे पैसे निघाले त्यात आपलं कोल्हापूरही होतं. इथल्या एटीएमच्या कॅमेऱ्यात सापडलेल्या पोरांवरून साखळी उलगडायला मदत झाली. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या कोर्टाने ११ जणांना शिक्षा दिली. हाँगकाँगला गेलेल्यातले काही कोटी तिकडच्या यंत्रणेने गोठवल्यामुळे परत आले. पण मूळ सूत्रधार? संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळाच्या अहवालात बोट उत्तर कोरियाकडे आहे. तिकडे कसली विनंती आणि कसलं पत्र.

म्हणजे सहकार्य जिथे होतं तिथे पैसे आले, जिथे नाही तिथे गेले. आणि पैसे काढायला हात इथलेच लागले. आजही लागतात. आमच्या शाखेत कॉलेजची पोरं खातं उघडून एटीएम कार्डसकट भाड्याने देतात. पाच हजार मिळतात म्हणे. नंतर कुठल्यातरी परराज्यातून पोलीस येतात आणि बाप शाखेत येऊन रडतो.

कागलकरीण

लिहू की नको असं झालं होतं. माझ्या भाच्याला थायलंडमध्ये डेटा एंट्रीची नोकरी, महिना लाखभर, असा व्हॉट्सअॅपवर मेसेज आला. मुलाखत व्हिडिओवर. टायपिंग बघितलं, इथवर ठीक. मग म्हणाले, या नंबरवर एका अनोळखी बाईशी अर्धा तास गप्पा मारून दाखव, तिला हसवून दाखव. पोराला गंमत वाटली. मला नाही वाटली. डेटा एंट्रीला हसवायचं कशाला? व्हिसा विचारला तर टुरिस्ट. मी दादाला सांगितलं, तिकीट फाड.

मार्च २०२५ मध्ये म्यानमारच्या असल्या अड्ड्यांतून सुटलेल्या ५४९ भारतीयांना हवाई दलाच्या दोन विमानांनी थायलंडच्या मे सोतवरून आणलं, तेव्हा बातम्यांतली पोरं बघून अंगावर काटा आला. अगदी भाच्यासारखी. बँकॉकला उतरवायचं, गाडीत घालायचं, नदी पार करून म्यानमारला. पासपोर्ट काढून घ्यायचा आणि फसवायला बसवायचं. फोनवर आपल्याला 'डिजिटल अरेस्ट' करणारा कधीकधी स्वतःच कैदी असतो, हे कळल्यापासून शिवी देतानाही अडखळायला होतं.

जुनाखाकी

कागलकरीण ताई, तिकीट फाडलंत ते फार बरं केलंत. परदेशी नोकरीचा एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेटवर नोंदलेला आहे का, हे कुणालाही घरबसल्या बघता येतं. नसेल तर विषय संपला.

आणि तुम्ही म्हणता ते ट्रेनिंगमध्येही आता येतं, की सुटून आलेल्या मुलाला आरोपी म्हणून बसवायचं की साक्षीदार म्हणून. त्याला आतला सगळा नकाशा माहीत असतो: टेबलं किती, म्होरक्या कोण, पैसे कुठल्या वाटेने जातात. पहिल्याच दिवशी त्याच्यावर ओरडलात तर तो गप्प होतो, आणि माहिती गेली.

शंकासुर

सगळे चोर बाहेरचे असल्यासारखं चाललंय. आपल्याकडचे?

ब्रेमेनकर

चांगलं काढलंत. ऑक्टोबर २०१६, मीरा रोड. ठाणे पोलिसांनी कॉल सेंटरवर छापे घातले, शेकडो तरुण ताब्यात. अमेरिकेच्या आयकर खात्यातून बोलतोय सांगून तिकडच्या म्हाताऱ्या माणसांना लुबाडत होते. २०१८ मध्ये अमेरिकेत या जाळ्यातल्या २१ जणांना शिक्षा झाल्या, काहींना वीस वर्षांपर्यंत. सीबीआयच्या 'ऑपरेशन चक्र'मध्येही असलीच कॉल सेंटरं सापडत आलीत. मे २०२५ मध्ये जपानी नागरिकांना गंडवणाऱ्यांवर छापे पडले, जपानच्या पोलिसांशी मिळून.

इथे ऑफिसात एका सहकाऱ्याच्या आईला "मायक्रोसॉफ्टमधून" फोन आला होता. चार हजार युरो गेले. त्याने मला विचारलं, तुझ्या देशात तक्रार केली तर कुणी घेईल का? मी काय सांगणार. जसा प्रश्न हिशेबनीसांना ठाण्यात पडला, तसाच त्याला इथे पडला होता, उलट्या बाजूने. त्याचं पत्र आपल्याकडे कुणाच्या तरी टेबलवर पडून राहिलं, तर आपलं पत्र तिकडे कोण उघडणार?

संपादक मंडळ

वरच्या एका प्रतिसादात संशयित खातेदाराचा नंबर आणि मोबाईल दिला होता, तो प्रतिसाद काढला आहे. असे तपशील पोलिसांना द्या, धाग्यावर नको.

रंकाळ्याचा_वारा

ते सगळं ऱ्हाऊ दे. हिशेबनीस, पैशाचं काय झालं? धागा शंभरी गाठायच्या आत सांगा.

शिरोलीचा_हिशेबनीस

सांगतो, सांगतो. ऑडिट चालू होतं.

ठाण्यातून बाहेर आलो आणि गाडीवर बसूनच ब्रेशियाच्या बाईंना फोन लावला. इंग्रजी त्यांचंही तोडकं, माझंही. "बँक, स्टॉप, पोलीस" एवढंच दहादा म्हणालो. पण त्यांच्या गावात पोलिसांची सायबरची वेगळी शाखा आहे, पोलिझिया पोस्टाले म्हणतात, आणि त्या दुपारीच तिथे गेल्या. त्यांच्या बँकेनेही त्याच दिवशी रिकॉल टाकला. पोर्तुगालच्या खात्यात २७,००० युरो शिल्लक होते, ते गोठले. पाच महिन्यांनी परत आले. बाकी १४,६०० गेले ते गेले. इटलीच्या मालकाचा आमच्या साहेबांना फोन आला, दोघं अर्धा तास बोलले आणि नुकसान अर्धं अर्धं वाटून घेतलं, ७,३०० युरो प्रत्येकी. मेल तुमच्याकडून फुटला, पण फोन न करता खातं आम्ही बदललं, असं त्याचं म्हणणं. बारा वर्षांचा व्यवहार टिकला.

आमच्या बाजूने तक्रार नंतर दुसऱ्या अधिकाऱ्याने घेतली. त्याने रूलचा स्क्रीनशॉट नको म्हणून सांगितलं, मेलबॉक्सच पूर्ण उतरवून घेतला, हॅश (फाइलचा डिजिटल ठसा) काढला, प्रमाणपत्रावर माझी सही घेतली. मी विचारलं हे कुठे शिकलात. म्हणाला, ऑनलाइन कोर्स, रात्री पोरं झोपल्यावर. ते कागद पुढे इटलीला गेले का, ते मला कुणी सांगितलं नाही.

आता आमची पद्धत अशी: खात्यात काहीही बदल असला तर व्हिडिओ कॉल, आणि आधी परवलीचा शब्द. बाईंनीच विचारलं, कुठला ठेवायचा. मी म्हटलं 'तांबडा'. गेल्या महिन्यात बँकेची शाखा बदलली म्हणून मी कॉल लावला, तर शब्द सांगितल्याशिवाय त्या एक आकडा लिहून घेईनात. मी म्हटलं, तांबडा. त्या म्हणाल्या, नो, नो, दोन शब्द ठरले होते. आणि खरंच, मीच विसरलो होतो.

रंकाळ्याचा_वारा

पांढरा!